भूमिकेच्या आधीचे महिने

लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या कुठल्या मालिकेत आहेस?" मालिका नाही, सिनेमा करतेय, म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "कुठे लागलाय?" तो कुठेच लागलेला नसतो. एक सिनेमा एडिटवर असतो, दुसरा महोत्सवांच्या उत्तराची वाट बघत असतो, तिसऱ्याच्या पटकथेचं फक्त वाचन झालेलं असतं. मोठ्या स्टुडिओचा किंवा वाहिनीचा पैसा पाठीशी नसताना जो सिनेमा होतो त्याची चाल अशीच असते. पंधराएक वर्षं मी या सिनेमात काम करतेय. हे काम कसं होतं, पोट कशावर चालतं आणि भूमिका नेमकी कधी तयार होते, हे मला सुरुवातीला कुणी नीट सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. या वाटेवर येऊ बघणाऱ्या मुली हल्ली मला मेसेज करून हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी नाटकातून आले. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमी, भरत नाट्य मंदिराचा रंगमंच, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे ही शिस्त. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले ती लॉ कॉलेज रोडवर, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तिथल्या विद्यार्थ्यांना डिप्लोमा सिनेमासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटी करायच्या सिनेमासाठी, नट हवे असतात आणि पुण्यातल्या प्रायोगिक नाटकवाल्यांना कॅमेरा शिकायचा असतो. ही देवाणघेवाण फार जुनी आहे. स्मिता पाटील सिनेमात पहिल्यांदा दिसल्या त्या अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम'मध्ये, आणि तोही इथलाच डिप्लोमा सिनेमा. मानधन म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि दोन वेळचं जेवण. पण मी गेले तेव्हा तिथे अजून 35 एमएम फिल्मवर शूटिंग होत होतं. 400 फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला मोजकेच डबे आलेले असतात. त्यामुळे टेकच्या आधी भरपूर तालीम. फोकस सांभाळणारा मुलगा माझ्या डोळ्यापासून लेन्सपर्यंत टेप धरून अंतर मोजायचा, पायाशी चिकटपट्टीची खूण करायचा, आणि खुणेच्या चार बोटं पुढे झुकलं तरी चेहरा धूसर व्हायचा. एका नजरेसाठी एवढी माणसं अर्धा दिवस खपतात हे मला नवीन होतं, आणि ते मला मनापासून आवडलं. या सिनेमाची ओढ लागली ती तिथे.

मुंबईतला भाग थोडक्यात सांगते, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. वर्सोव्याच्या आरामनगरातल्या गल्ल्या, दारावर चिकटवलेला कागद, आत गेल्यावर नाव, उंची, वय, डावी बाजू, उजवी बाजू. आता निम्म्याहून जास्त ऑडिशन्स घरच्या भिंतीसमोर मोबाइलवर शूट करून पाठवायच्या असतात. मधल्या काळात मी एक मालिकाही केली. मालिकेबद्दल नाक मुरडणारी माणसं मला आवडत नाहीत. सकाळी हातात आलेला सीन तासाभरात पाठ करायचा, बारा-तेरा तास उभं राहायचं आणि शेवटच्या सीनलाही तितकंच ताजं दिसायचं, हे सोपं नाही. मुंबईतल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट मालिकेच्या पैशांतूनच भरलं. अडचण वेळेची होती. स्वतंत्र सिनेमाला नटीचे सलग दोन-तीन महिने लागतात आणि रोज प्रसारित होणारी मालिका ते देऊ शकत नाही. दोन्हींतलं एक निवडावं लागलं.

म्हणून मी अशी कामं शोधली जी पैसे देतात आणि महिने मोकळे सोडतात. पहिलं डबिंग. दक्षिणेकडचे सिनेमे आणि परदेशी मालिका मराठीत, हिंदीत येतात, त्यांना आवाज लागतात. दुसरं ऑडिओबुक. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, मराठी पुस्तकं वाचून घेण्याचं काम वाढलं आणि माझ्यासारख्या नाटकवाल्यांना नियमित उत्पन्नाची एक वाट मिळाली. पैसे तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या तासामागे मिळतात, त्यामुळे जितकं कमी चुकाल तितका दिवस स्वस्तात पडतो. पंखा बंद, एसी बंद, सुती कपडे, कारण सिंथेटिक ओढणीची सळसळ माइक पकडतो. उपाशी जायचं नाही, कारण पोटातली गुरगुरही ऐकू येते. या खोलीत बसून मी जे कमावते त्यातून पुढचे मोकळे महिने विकत घेते. माझ्या करिअरचा हिशेब याच भाषेत मांडता येतो. भूमिका मिळते ती दिग्दर्शकाकडून, पण ती भूमिका करायला लागणारा वेळ मला माझ्या खिशातून द्यावा लागतो.

आता ज्या सिनेमाने मला हे सगळं शिकवलं त्याबद्दल. दिग्दर्शक यवतमाळकडचा. भूमिका कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळी जमवणाऱ्या बाईची. पहाटे घरोघरी हाका मारायच्या, बायका गोळा करून ऑटोत बसवायच्या, शेतमालकाशी किलोमागचा भाव ठरवायचा आणि संध्याकाळी काट्यापाशी उभं राहून प्रत्येकीचं वजन लिहून घ्यायचं. पटकथेत तिची वाक्यं थोडी होती. ती बहुतेक वेळ काम करताना दिसते. दिग्दर्शकाने पहिल्या भेटीत एवढंच सांगितलं, "ताई, वाक्यं नंतर पाठ करा. आधी वेचायला शिका."

मी दसऱ्यानंतर त्या गावी राहायला गेले. वाट्याला एका घराची ओसरी आली. सकाळी दव उडेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस कुणी घेत नाही. मग कमरेला ओटी बांधून ओळीत शिरायचं. कापसाचं बोंड उमलतं तेव्हा त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात आणि नेमक्या नखाच्या मुळाशी लागतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला भाताचा घास उचलताना बोटं झोंबत होती. बायका बोटांना चिंधी गुंडाळतात. मीही गुंडाळली, तर कापूस हाताला कळेना.

माझ्या शेजारच्या ओळीत एक साठीच्या आजी असायच्या. दोन दिवस त्या मला "ताई, तुमी" करत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "हातानं नोको ओढू वं, बोटाच्या शेंड्यानं काढ." बोंड मुठीत धरून ओढलं की वाळलेली पत्ती चुरते आणि कापसाला चिकटते. पत्ती असली की व्यापारी भाव पाडतो. तीन बोटांची टोकं बोंडात घालून सगळ्या पाकळ्यांतला कापूस एका ओढीत बाहेर काढायचा, तो ओटीत जाईपर्यंत दुसरा हात पुढच्या बोंडावर पोचलेला असला पाहिजे. नजर तिसऱ्या बोंडावर. आजींचे हात असे चालायचे आणि त्याच वेळी त्या सुनेबद्दल, रेशनबद्दल, गावातल्या भांडणाबद्दल बोलत असायच्या. सगळ्यात अवघड गोष्ट मला ती वाटली. वेचायला मी आठवडाभरात बऱ्यापैकी शिकले. वेचता वेचता बोलायला महिना लागला. बोलायला लागले की हात थांबायचे, हात चालले की वाक्य पाठ केल्यासारखं यायचं. ज्या दिवशी दोन्ही एकत्र जमलं त्या दिवशी वऱ्हाडीही आपोआप बसली. तोवर मी "करून रायली", "काहून" असे शब्द नीट उच्चारत होते, पण वाक्याचा झोक पुण्याचाच होता. हात कामात गुंतले तेव्हा जिभेवरचा पहारा उठला.

हा महिना कुठल्याही करारात नव्हता. निर्मात्याने राहण्याजेवण्याचं बघितलं, मानधन मात्र शूटिंगच्या दिवसांचंच. मला त्याची तक्रार नाही, कारण मी ते समजून गेले होते. पण ज्या मुली हे वाचतायत त्यांनी हे धरून चालावं की भूमिकेचं खरं काम या महिन्यात होतं आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा कुणाच्याच बजेटमध्ये नसतात.

शूटिंग सिंक साउंडवर होतं, म्हणजे आवाज जागेवरच मुद्रित करायचा, नंतर डबिंग नाही. यात नटीचं अर्धं काम आवाज न करण्याचं असतं. माइक ब्लाउजच्या आत औषधी चिकटपट्टीने लावलेला, त्यावर पदर घासता कामा नये. माझ्या पात्राच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्या काढून टाकणं खोटं दिसलं असतं आणि ठेवल्या तर प्रत्येक वाक्यावर किणकिण. शेवटी साउंड रेकॉर्डिस्टने त्यातल्या बऱ्याचशा बारीक दोऱ्याने एकमेकींना बांधल्या आणि दोन मोकळ्या ठेवल्या. ज्या सीनमध्ये तिला राग येतो तिथे त्या दोन बांगड्यांचा आवाज आम्ही वापरला.

गावातला सगळ्यात मोठा आवाज मोटारपंपाचा. शेतीपंपाची वीज पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री. ज्याच्या पिकाला पाणी हवंय त्याला "शूटिंग आहे, मोटार बंद करा" कसं सांगणार? दिग्दर्शकाने ते सांगितलं नाही. त्याने आमचं वेळापत्रक विजेच्या पाळीप्रमाणे बदललं. दिवसाची वीज असेल त्या आठवड्यात पहाटेचे आणि रात्रीचे सीन, रात्रीची असेल तेव्हा शेतातले. मी पुष्कळ सेटवर काम केलंय, पण शूटिंग गावाच्या तालाने चालवणारं युनिट मी तिथेच पहिल्यांदा बघितलं. प्रत्येक सीननंतर रूम टोन घ्यायचा, म्हणजे अर्धा मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या जागेचा नुसता आवाज मुद्रित करायचा. गावातली पोरंसुद्धा त्याला इतकी सरावली की "रूम टोन" ऐकलं की सायकल उभी करून थांबायची.

माझ्यासोबत काम करणाऱ्या बायका खरोखरच्या वेचणाऱ्या होत्या. त्यांच्यासोबत काम करणं हीच या सिनेमातली माझी खरी परीक्षा. नट तिसऱ्या-चौथ्या टेकला रंगतो. पहिल्या टेकला तो जागा शोधत असतो. ज्यांनी कधी अभिनय केला नाही त्यांचं उलट असतं. त्यांचा पहिला टेक सोन्यासारखा, दुसरा ठीक, तिसऱ्यापासून त्या 'करून दाखवायला' लागतात. वजनकाट्याच्या सीनमध्ये एक बाई माझ्याशी भांडते, की तू माझे दोन किलो कमी लिहिलेस. पहिल्याच टेकला तिने काट्याचा हूक माझ्या हातातून हिसकावला. असं काही ठरलं नव्हतं. मी गांगरले असते तर तो टेक गेला असता आणि तसा पुन्हा आला नसता. महिनाभर मी त्या काट्यापाशी उभी राहिलेली होते, म्हणून हात आपसूक वहीकडे गेला आणि मी तिला आकडा वाचून दाखवला. सिनेमात तोच टेक आहे.

त्यानंतर आम्ही ठरवलं की त्या बायकांसोबत तालीम करायची नाही. तालीम माझी एकटीची, आदल्या रात्री, दिग्दर्शकासोबत. पहिल्या टेकला मी पूर्ण तयार पाहिजे. आणि लाइट किंवा फोकसमुळे पुन्हा घ्यावं लागलं तर मी वाक्य जरा वेगळ्या पद्धतीने टाकायचं, म्हणजे समोरच्या बाईला पुन्हा नव्याने उत्तर द्यावं लागतं. प्रशिक्षित नटाचं कसब अशा ठिकाणी दिसतं. 'कोर्ट'मध्ये सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार चळवळीतले कार्यकर्ते. तो सिनेमा बघताना यातलं कोण शिकलेलं आणि कोण नाही हे कळत नाही. गीतांजलीताईंच्या कामाचं मोठेपण मला त्यातच दिसतं.

नाटकवाल्या मैत्रिणींमध्ये यावरून वाद होतात. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'मध्ये नंदिनी चिकटे मुख्य भूमिकेत आहे, तीही नट म्हणून तयार झालेली नव्हती, आणि तो सिनेमा 2023 मध्ये टोरंटोच्या महोत्सवाला गेला. मग आम्ही इतकी वर्षं कशाला घासली, असं एखादी म्हणते. मला तसं वाटत नाही. त्या मुलींकडे जे आहे ते माझ्याकडे कधीच येणार नाही आणि ते पडद्यावर यायलाच हवं. माझी खंत वेगळी आहे. अशा सिनेमानंतर त्या मुलींचं पुढे काय होतं, त्यांना दुसरी भूमिका कोण देतं, याची जबाबदारी फार थोडे लोक घेतात.

एडिटमध्ये माझा एक मोठा सीन गेला. ती एकटी घरात बसून वहीतले आकडे पुन्हा बेरीज करते, असा. दिग्दर्शकाने आधी फोन करून सांगितलं, तेवढा मान त्याने ठेवला. तो सीन असायला हवा होता असं मला आजही वाटतं.

मग महोत्सव. नोव्हेंबरात गोव्याला इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, जोडीने फिल्म बाजार भरतो, तिथे अर्धवट झालेले सिनेमे निवड करणाऱ्यांना आणि खरेदीदारांना दाखवतात. फेब्रुवारीत बर्लिन, मेमध्ये कान, ऑगस्टात लोकार्नो, त्याच्या पाठोपाठ व्हेनिस आणि टोरंटो. मोठ्या महोत्सवांना पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो. त्यामुळे एकाकडून उत्तर येईपर्यंत दुसरीकडे दाखवता येत नाही आणि निवड झाली तरी त्यांनी जाहीर करेपर्यंत कुणाला सांगता येत नाही. जवळजवळ वर्षभर माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, एक फोटोसुद्धा नाही. या काळात नवीन काम मिळवणं अवघड जातं, कारण तुम्ही रिकाम्या आहात असंच बाहेर दिसतं. मी तेव्हा भरपूर ऑडिओबुकं वाचली.

युरोपातल्या एका महोत्सवाने आम्हाला घेतलं. तिकीट आणि राहणं दिग्दर्शकाचं, नटीचं नाही. असं पुष्कळदा होतं. मी माझ्या पैशाने गेले. व्हिसासाठी बँकेचे कागद आणि आयकर विवरणपत्रं लागतात. आमच्या मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो परत मिळवायला तरी विवरणपत्र भरावंच लागतं. मी दरवर्षी भरत आले होते म्हणून व्हिसाचं काम अडलं नाही. नटींनी हे कंटाळवाणं काम अंगवळणी पाडून घ्यावं. खेळानंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न आला, किलोचा भाव कोण ठरवतं आणि काटा कुणाचा असतो? दिग्दर्शकाने माइक माझ्याकडे दिला. मी पाच मिनिटं त्याबद्दल बोलले. अभिनयाबद्दल कुणी विचारलं नाही आणि मला त्याचं फार समाधान वाटलं.

गावातला खेळ शाळेच्या पटांगणात झाला. सगळे एकमेकांना पडद्यावर बघून ओरडत होते, निम्मे संवाद ऐकूच आले नाहीत. आजींनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं की दुसऱ्या वेचणीच्या सीनमध्ये माझी ओटी सैल बांधली गेली होती. त्यांचं बरोबर होतं. तो सीन आम्ही घाईत उरकला होता.

चित्रपटगृहांत लागायला आणखी वेळ गेला. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला महत्त्वाच्या वेळेत खेळ द्यावा असं राज्य सरकारने 2015 मध्ये ठरवलं, पण छोट्या सिनेमाला सहसा दुपारी बाराच्या आसपासची वेळ येते. कामाच्या दिवशी त्या वेळेला कोण मोकळं असणार? सोमवारी खेळ निम्म्यावर आले. आमचा सिनेमा पुढे जगला तो फिल्म सोसायट्या, महाविद्यालयं आणि शेतमजुरांच्या संघटनांनी लावलेल्या खेळांवर. मी जमेल तिथे गेले. माझ्या मानधनाचा उरलेला हिस्सा शासनाच्या अनुदानाला जोडलेला होता. सिनेमा प्रदर्शित होतो, समिती तो बघून अ किंवा ब दर्जा देते, मग पैसे येतात. तोवर निर्मात्याकडेही काही नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघत होते. पैसे उशिरा आले, पण आले. मधे दुसऱ्या एका सिनेमाचे आलेच नाहीत आणि त्याचा कागदही माझ्याकडे नव्हता. तेव्हापासून मी लेखी करार झाल्याशिवाय वाचनालाही बसत नाही.

त्या सिनेमानंतर मला ज्या भूमिका विचारल्या गेल्या त्या बहुतेक सोसणाऱ्या, गप्प बसणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या बायकांच्या. माझी टोळीवाली गप्प बसणारी नव्हती. ती भाव ठरवायची, हिशेब ठेवायची, प्रसंगी फसवायचीसुद्धा. पण पडद्यावर राबणारी बाई दिसली की पुढच्या लेखकाला तिचं सोसणंच आठवतं. अशा बऱ्याच भूमिकांना मी नाही म्हटलं. नाही म्हणता आलं ते ऑडिओबुकांमुळे आणि डबिंगमुळे.

आता जो सिनेमा हातात आहे त्याच्या करारात तयारीच्या महिन्याचे पैसे लिहून घेतलेत. रक्कम लहान आहे, पण ओळ आहे. निर्मातीनेही ती आनंदाने घातली, कारण ती स्वतः नटी होती. भूमिका मासळीच्या लिलावात बोली लावणाऱ्या बाईची आहे. पावसाळा संपेपर्यंत दोन पुस्तकांचं वाचन आणि एका मालिकेचं डबिंग पूर्ण करायचंय, मग हर्णै बंदराजवळ खोली घेऊन राहायचं. तिथल्या एका मावशींशी फोनवर बोलणं झालंय. लिलावात माझ्या शेजारी उभी राहा म्हणाल्या, पण पहिले आठ दिवस तोंड उघडायचं नाही, नाहीतर एखादी टोपली तुझ्या नावावर सुटायची आणि पैसे भरावे लागायचे.